पाटीवरचा ‘दि’

बडोद्यातल्या जुन्या सहकारी संस्थांच्या पाट्या ज्यांनी कधी सवडीने वाचल्या असतील, त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली असेल. नावाच्या आधी एक अक्षर उभे असते. गुजराती पाटीवर ते ‘धी’ असते, मराठी पाटीवर ‘दि’. मग संस्थेचे खरे नाव येते आणि शेवटी ‘लि.’. मराठी माणूस तो ‘दि’ पाहून क्षणभर तारीख शोधतो, कारण आपल्याकडे ‘दि.’ म्हणजे दिनांक. तारीख सापडत नाही, मग तो पुढे वाचू लागतो. हा ‘दि’ म्हणजे इंग्रजीतला ‘द’ हे सगळ्यांना माहीत असते, पण तो तिथे कशासाठी आला, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

आम्ही राज्य सरकारच्या मार्ग व मकान खात्यात नोकरी करतो. शिक्षण स्थापत्याच्या डिप्लोमापर्यंत. इंग्रजी व्याकरण हा आमचा प्रांत नव्हे. पण निविदांच्या कामात मजूर सहकारी मंडळींची, ठेकेदार कंपन्यांची नावे रोज डोळ्यांखालून जातात, आणि इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेल्या जुन्या नोंदवहीत ‘टी’ या अक्षराचे पान सगळ्यात आधी भरलेले दिसते. ‘टी’ने सुरू होणाऱ्या संस्था जास्त आहेत म्हणून नव्हे, तर प्रत्येकीच्या डोक्यावर ‘द’ बसला आहे म्हणून. ग्रंथालयवाले या बाबतीत शहाणे. यादी लावताना ते सुरुवातीचा ‘द’ जमेस धरत नाहीत. आमच्या खात्यात तेवढा शहाणपणा पोचलेला नाही. असो. या नोंदवहीमुळेच आम्ही या अक्षराचा माग काढू लागलो, आणि तो निघाला थेट आपल्या बडोद्याच्या मराठी मंडळींच्या एका मोठ्या कामापर्यंत.

आधी हे अक्षर काय आहे ते थोडक्यात पाहू. संस्कृतात असा शब्द नाही, लॅटिनमध्ये नाही, मराठी-गुजरातीतही नाही. इंग्रजीतही तो मुळात वेगळा शब्द नव्हता. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘तो, ती, ते’ अशी लिंगाप्रमाणे बदलणारी दर्शक सर्वनामे होती. ती झिजत झिजत त्यांचा एकच ‘द’ उरला. म्हणजे आपल्या ‘तो’चा हा लांबचा भाऊबंदच. ‘तो वाडा’ म्हटले की कोणता वाडा हे ऐकणाऱ्याला ठाऊक आहे असे आपण धरून चालतो. ‘द’ नेमके तेच काम करतो. फरक इतकाच, की आपण ‘तो’ गरजेपुरता वापरतो आणि इंग्रजी माणसाची ‘द’वाचून सुटका नाही.

संस्थांच्या नावांपुढे तो कधी लावायचा, याचा ढोबळ नियम असा सांगतात. नाव वर्णनासारखे असेल, म्हणजे ‘अमक्याचे विद्यापीठ’, ‘तमक्याची बँक’, तर ‘द’ लागतो. गावाचे किंवा माणसाचे नाव आधी येऊन त्यामागून ‘कॉलेज’ किंवा ‘युनिव्हर्सिटी’ येत असेल, तर लागत नाही. म्हणून ‘द युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे’, पण नुसते ‘बॉम्बे युनिव्हर्सिटी’. संस्था एकच, १८५७ साली स्थापन झालेली, पण शब्द उलटे ठेवले की ‘द’ गळतो. मात्र नियम केला आणि सगळ्यांनी पाळला, असे इंग्लंडातही नाही. ऑक्सफर्डचे १३४१ सालचे एक कॉलेज स्वतःला ‘द क्वीन्स कॉलेज’ म्हणवते आणि तो ‘द’ नावाचा भाग मानते. केंब्रिजमध्ये त्याच नावाचे कॉलेज आहे, ते ‘द’शिवाय सुखाने नांदते.

एक गंमत आमच्या धंद्यातली. साहेबाच्या इंग्रजीत ‘प्रिझन’ला जाणे आणि ‘द प्रिझन’ला जाणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. ‘द’ लावला तर माणूस इमारतीत गेला, कशासाठी का असेना. न लावला तर शिक्षा भोगायला गेला. शाळा, इस्पितळ, कोर्ट यांचेही तसेच. आमच्यासारख्याला तुरुंगाच्या भिंतीचे माप घ्यायला जावे लागते, तेव्हा रजेच्या नव्हे पण दौऱ्याच्या अर्जात हे अक्षर जपून लिहिलेले बरे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या आपल्या आजोबांच्या पिढीला हे बारकावे पाठ असत. आमच्या पिढीला ते कोणी शिकवल्याचे आठवत नाही.

आता पाटीकडे वळू. हिंदुस्थानात ‘द’ आला तो व्यापाऱ्यांबरोबर. १६०० सालच्या अखेरीस लंडनच्या व्यापाऱ्यांना सनद मिळाली, त्यांचे सनदेतले नाव भलेमोठे होते : लंडनच्या व्यापाऱ्यांची पूर्वेकडच्या मुलखात व्यापार करणारी मंडळी आणि तिचे गव्हर्नर. इतके वर्णन म्हटल्यावर इंग्रजीत पुढे ‘द’ येणारच. आपल्या लोकांनी मात्र त्या लांबलचक नावातून एकच शब्द उचलला आणि तोही आपल्या वळणाचा करून : ‘कुंपणी’. पुढे ‘कुंपणी सरकार’. ‘द’ला कोणी विचारलेही नाही. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे तेच झाले. कागदावर ‘द बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे कंपनी’ आणि लोकांच्या तोंडी नुसती आद्याक्षरे. मराठी माणसाच्या कानाला या शब्दाची गरज कधीच भासली नाही, हे इथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मग तो आपल्या पाट्यांवर चढला कसा? आमच्या मते कायद्याच्या नमुन्यातून. इंग्लंडात १८६२ साली कंपन्यांचा मोठा कायदा झाला. त्याच्या शेवटी कंपनीची घटना कशी लिहावी याचा नमुना जोडला होता. पहिले कलम : कंपनीचे नाव. उदाहरण म्हणून एक काल्पनिक नाव दिले होते, ‘द ईस्टर्न स्टीम पॅकेट कंपनी, लिमिटेड’. बोटींनी माणसे आणि माल नेणारी ही कंपनी कधी अस्तित्वात नव्हती, पण नमुना म्हणून ती इतकी टिकली, की स्वतंत्र भारताच्या १९५६ च्या कंपनी कायद्याच्या परिशिष्टातही तीच बसलेली आहे. ‘लिमिटेड’ हा शब्द कायद्याने सक्तीचा होता. भागधारकांची जबाबदारी मर्यादित आहे, हे धनकोला नावावरूनच कळावे हा त्यामागचा हेतू. ‘द’ची सक्ती कुठल्याच कलमात नव्हती. पण सरकारी कचेरीत नमुन्याला कलमापेक्षा जास्त मान असतो, हे आम्ही वीस वर्षांच्या नोकरीवरून सांगू शकतो. वकिलाने नमुना पुढे ठेवला, कारकुनाने नाव बदलले आणि ‘द’ व ‘लिमिटेड’ जागच्या जागी राहिले. डोक्याला फेटा आणि पायात जोडा, तसे हे दोन शब्द नावाच्या दोन टोकांना कायमचे बसले. सहकारी संस्थांनी कंपन्यांचाच पोशाख घेतला.

आणि इथे आपल्या बडोद्याची गोष्ट येते.

ब्रिटिश हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला १९०४ साली. त्याच्या पंधरा वर्षे आधी, १८८९ मध्ये, बडोद्यातल्या मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांनी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली एकत्र येऊन आपापसांत बचत आणि कर्जाची सोय केली. हिंदुस्थानातली अशी ही पहिलीच ज्ञात संस्था असावी, असे सहकाराच्या इतिहासात नमूद आहे. नाव काय दिले? ‘अन्योन्य सहकारी मंडळी’. पाहा कसे नाव आहे. अन्योन्य म्हणजे एकमेकांचे. तुमची बचत मला, माझी तुम्हाला. संस्थेचे सगळे तत्त्व एका शब्दात आले. पुढे ‘दि’ नाही, मागे ‘लि.’ नाही. असणार कसे? सहकारी संस्थांचा कायदा तेव्हा जन्मलाच नव्हता. कागदी नमुना नव्हता, निबंधक नव्हता. होता तो एकमेकांवरचा भरवसा.

पुढे कायदे आले. बडोदे राज्य १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झाले, १ मे १९६० ला गुजरात वेगळा झाला आणि १९६१ साली गुजरातचा स्वतःचा सहकारी संस्था कायदा झाला. या वाटचालीत मंडळीची बँक झाली आणि इंग्रजी कागदोपत्री तिचे नाव झाले ‘दि अन्योन्य को-ऑपरेटिव्ह बँक लि.’. म्हणजे मधला एक शब्द तेवढा कवठेकरांचा राहिला आणि दोन्ही बाजूंनी साहेबाचा पोशाख चढला. शतक ओलांडलेल्या या बँकेचा परवाना अखेर रिझर्व्ह बँकेने रद्द केला. ज्यांच्या ठेवी तिथे होत्या अशी घरे या स्मरणिकेच्या वाचकांतही असतील, त्यामुळे त्या प्रकरणावर जास्त लिहीत नाही. मात्र ‘दि’ लावल्याने बँक बुडाली असे म्हणण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की देशातल्या सहकाराची सुरुवात ज्या नावाने झाली ते नाव आपल्या भाषेत, आपल्या माणसांनी ठेवले होते, आणि आज बडोद्यात जन्मलेल्या मराठी मुलाला ते माहीत नसते. शोधायला गेला तर त्याला आधी ‘दि’ सापडतो.

बँक ऑफ बडोदाचे उलट झाले. सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने २० जुलै १९०८ रोजी ही बँक स्थापन झाली, तीही बडोदे राज्याच्या स्वतःच्या १८९७ च्या कंपनी कायद्याखाली. नाव नमुन्याबरहुकूम : ‘द बँक ऑफ बरोडा लिमिटेड’. १९ जुलै १९६९ ला ती इतर तेरा बँकांबरोबर राष्ट्रीयीकृत झाली. त्यासाठी १९७० मध्ये जो कायदा झाला त्याच्या परिशिष्टात दोन रकाने आहेत : एकात जुन्या बँकेचे नाव, दुसऱ्यात नव्या बँकेचे. जुन्या रकान्यात ‘द बँक ऑफ बरोडा लिमिटेड’, नव्यात नुसते ‘बँक ऑफ बरोडा’. पुण्यात १९३५ साली नोंदल्या गेलेल्या बँक ऑफ महाराष्ट्रचेही तसेच. म्हणजे एका कायद्याने फेटाही उतरवला आणि जोडाही. ‘लिमिटेड’ जाणे समजण्यासारखे आहे, मालक सरकार झाले. पण ‘द’ का गेला? व्याकरणाने पाहिले तर ‘अमक्याची बँक’ या घाटाच्या नावाला तो हवाच. इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेचे नाव वाक्यात ‘द’शिवाय घेतलेले साहेबाच्या कानाला खटकेल. आपल्या बँकेला मात्र कोणीही इंग्रजी बोलताना ‘द’ लावत नाही आणि कोणाचे काही अडत नाही.

आणि ज्या नावात तो घट्ट बसला ते आपले विद्यापीठ. ‘द महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी ऑफ बरोडा’. स्थापना ३० एप्रिल १९४९. विलीनीकरणाची तारीख वर दिलीच आहे, १ मे. म्हणजे राज्याच्या शेवटच्या दिवशी राज्याने आपल्या कायद्याने हे विद्यापीठ उभे केले. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. या विद्यापीठाच्या इंग्रजी नावात ‘द’ अधिकृत आहे, मोठ्या ‘टी’ने लिहायचा. प्रमाणपत्रावर तो असतो, बोधचिन्हाभोवती असतो. लोक म्हणतात ‘एम. एस.’. मराठीत आपण ‘महाराजा सयाजीराव विद्यापीठ’ म्हणतो तेव्हा ‘द’ आपोआप गळतो आणि ‘महाराजा’ ती जागा घेतो. या एका ‘द’बद्दल आमची तक्रार नाही. राज्य उद्या राहणार नाही हे ठाऊक असताना ज्यांनी हे नाव लिहिले, त्यांच्या मनात ‘तेच ते’ असे म्हणण्याचा भाव असला तर तो त्यांना शोभतो.

कारण ‘द’चा आणखी एक अर्थ आहे, मानाचा. कोलकात्याची एशियाटिक सोसायटी १७८४ सालची. मध्यंतरी तिला ‘बंगालची’ म्हणत, मग ‘रॉयल’ही लागले. १९५१ मध्ये हे सगळे काढून नाव उरले ‘द एशियाटिक सोसायटी’. ना गाव, ना राज्य, ना राजा. नुसता ‘द’. पहिली आणि मूळची, गावाचे नाव सांगण्याची गरज नसलेली. मुंबईच्या एशियाटिकला ‘मुंबईची’ म्हणावे लागते, हिला नाही. अमेरिकेत तर याच्या पुढची पायरी झाली. ओहायो राज्यातल्या एका शेतकी कॉलेजचे नाव १८७८ मध्ये ‘द ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी’ झाले. तिथून बाहेर पडलेले खेळाडू दूरदर्शनवर शाळेचे नाव सांगताना त्या ‘द’वर असा जोर देतात, की बाकीचे नाव त्यामागे लपते. २०१९ मध्ये विद्यापीठाने नुसत्या ‘द’ या शब्दावर व्यापारचिन्हाचा हक्क मागितला. आधी नकार आला. अखेर जून २०२२ मध्ये टोप्या आणि कपड्यांपुरता तो हक्क मिळाला. इंग्रजी भाषेतला सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द टोपीवर छापायचा तर आता एका विद्यापीठाला विचारायचे! आपल्याकडे कोणी ‘श्री’ या अक्षरावर असा हक्क मागितला तर काय होईल, याची कल्पना वाचकांनी करावी.

‘श्री’ची आठवण उगाच आली नाही. आपल्या संस्थांच्या नावांत पहिली जागा कायम ‘श्री’ची, ‘श्रीमंत’ची किंवा ‘अखिल’ची असे. ‘दि’ आला तो या जागेवर. टिळक-आगरकरांच्या काळी ही दोन वळणे शेजारी शेजारी दिसतात. जानेवारी १८८१ मध्ये पुण्यातून दोन दिवसांच्या अंतराने दोन वृत्तपत्रे निघाली. मराठीचे नाव ‘केसरी’, इंग्रजीचे नाव ‘द मराठा’. इंग्रजी वाचकासाठी ‘द’, मराठी वाचकासाठी काही नाही. कोणाशी बोलतो आहोत याचे भान त्या मंडळींना होते. सयाजीराव महाराजांनाही होते. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना देशी प्रतिशब्द मिळावेत म्हणून त्यांनी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश आठ भाषांत करवून घेतला, तो १९३१ मध्ये निघाला. ‘द’ जसाच्या तसा देवनागरीत उतरवून पाटीवर लावण्याची वेळ त्यानंतरच्या आपल्या लोकांनी आणली. उच्चारावरूनही तो कुठून आला ते दिसते. इंग्रजीतला तो मऊ ध्वनी आपल्या तोंडात नाही, म्हणून मराठीने ‘द’ घेतला आणि गुजरातीने ‘ध’. वृत्तपत्रे आता ‘द’ लिहितात, पण सहकारी पाट्यांवर ‘दि’च राहिला, कारण पाटी रंगवणारा जुन्या पाटीवरून नवी रंगवतो.

हे सगळे पाटीपुरते असते तर आम्ही स्मरणिकेची पाने अडवली नसती. पण गेल्या काही वर्षांत हे अक्षर पैशांच्या आड येऊ लागले आहे. आपल्या मंडळाच्या एका नोंदणी दाखल्यावर इंग्रजी नावाआधी ‘द’ आहे, दुसऱ्यावर नाही, आणि पॅन कार्डावर नाही. एक दाखला १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालचा, दुसरा सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखालचा. टंकलेखन करणारे वेगळे, साल वेगळे. पन्नास वर्षे कोणाच्या डोळ्यांवर हे आले नाही. गेल्या वर्षी एका बँकेत खात्यावरच्या सह्या बदलायला गेलो, तर संगणकाने दोन नावे दोन संस्थांची ठरवली. शाखेतल्या बाईंनी सौजन्याने सांगितले, की ‘द’ असलेली संस्था आणि ‘द’ नसलेली संस्था एकच आहे, असे प्रतिज्ञापत्र आणा. उत्सव तोंडावर आलेला, मांडववाल्याला आगाऊ रक्कम द्यायची, आणि खाते या तीन इंग्रजी अक्षरांवर अडलेले. अध्यक्षकाकांनी तोवर स्वतःच्या खिशातून पैसे भरले. मुद्रांकाचा कागद, नोटरी, ठराव, सगळे होईपर्यंत विसर्जन उरकले होते.

म्हणून कार्यकारिणीपुढे आम्ही एक अर्ज ठेवला आहे. मंडळाचे सगळे कागद एका जागी आणून इंग्रजी नाव सगळीकडे एकसारखे करून घ्यावे, आणि ते ‘द’शिवाय असावे. मराठी पाटीवर तो कधीच नव्हता, पुढेही नसावा. जुन्या इतिवृत्तांच्या वह्या कपाटात आहेत, त्यांतल्या पहिल्या वहीत संस्थापकांनी नाव कसे लिहिले होते ते पाहून मगच अर्ज पुढे पाठवावा, असे सचिवांचे म्हणणे आहे. वहीची पाने ओलाव्याने चिकटलेली आहेत. ती सोडवून देण्याचे काम हस्तलिखितांची माहिती असलेल्या आपल्या एका सभासद ताईंनी दिवाळीनंतर करायचे कबूल केले आहे.